नळापाशी फुटलेला अंकोल

अंकोल कसा ओळखायचा ते मला विचारा. आमच्या शमें ग्रेनिए गावात आता सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. पान लांबट, पण देठापाशी तीन शिरा एकदम निघतात. पानं एकाआड एक लागतात, समोरासमोर कधीच नाही. जुन्या फांद्यांची टोकं काट्यासारखी. फूल पांढरं, पाकळ्या अरुंद, उमलल्या की मागे वळतात. फळ पिकलं की काळसर तांबडं, आणि त्याच्या डोक्यावर फुलाच्या पेल्याचा उरलेला तुरा. मूळ असं कडू की तोंड वाकडं होतं. हे सगळं आज मला पाठ आहे. ज्या दिवशी पाठ हवं होतं, त्या दिवशी यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं, कारण मी मुलगी होते.

आमच्या घरात अंकोल बापाकडून मुलाकडे जायचा. बाचा पणजा रत्नागिरीकडून उसाच्या कामाला या बेटावर यायला जहाजात बसला तेव्हा धोतराच्या गाठीत बिया बांधून आला, असं बा सांगायचा. साप, पिसाळलेला कुत्रा, पोटात गेलेलं विष, सगळ्यावर औषध एकच. अंकोलाच्या मुळाची साल तांदळाच्या धुवणात वाटायची आणि पाजायची. आता गंमत बघा. या बेटावर विषारी साप नाही, आणि कुत्रा चावून माणूस पिसाळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण चावरी कुत्री ढीगभर. चावलं की माणूस बोंबलत आमच्या दारात यायचा, बा साल पाजायचा, माणूस भडाभडा ओकायचा आणि जगायचा. जगणारच होता मेला! पण नाव अंकोलाचं झालं आणि बाचं झालं. तुलसीराम अंकोलवाला म्हटलं की चार गावं ओळखायची.

माझ्या दादाला, देवराजला, मिसरूड फुटायच्या आधीपासून बा झाड दाखवायला नदीवर न्यायचा. मी एकदा मागे लागले तर म्हणाला, "तू परक्याच्या घरी जाणार. औषध तिकडे जायचं नाही."

मी म्हटलं, "आणि परक्याच्या घरी मला कुत्रा चावला तर?"

"तुझी जीभ बघून कुत्रं लांबच राहील," बा म्हणाला. आये तेव्हा जिवंत होती, ती पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीत जेर्वेझ नावाचं वादळ आलं. तोवर आये गेली होती, घरात आम्ही तिघंच होतो. पत्रा उडाला आणि वरचा वासा बाच्या मांडीवर पडला. लोपितालमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पायाला प्लास्टर घालून बाला घरी पाठवलं, तो तापाने फणफणत खाटेवर पडला. बाहेर एका झाडाला पान म्हणून राहिलं नव्हतं. डोंगर नुसते खराट्यासारखे दिसत होते. उसाची पार चटई झालेली.

शेजारचा बळराम उसातलं तण मारायचं औषध आणायचा. साखर कारखान्याच्या मोठ्या डब्यातून चार जण वाटून घ्यायचे आणि आपापला वाटा लिमोनादच्या बाटलीत भरून ठेवायचे. सगळं गाव हेच करायचं. औषधाचा रंग काळपट तपकिरी, बाटली लिमोनादची, आणि चिठ्ठी लावायची पद्धत नाही. त्याच्या गोदामाचं छप्पर उडालं म्हणून बळरामने ती बाटली आमच्या पडवीत आणून ठेवली. सांगितलंही असेल. वादळात कोण कोणाचं ऐकतं?

दादा उन्हात पत्रे गोळा करत होता. तहानला, पडवीत आला, बाटली उचलली आणि तोंडाला लावली. पहिला घोट खाली गेला, दुसरा त्याने थुंकला. मी चुलीपाशी होते. तो ओरडला नाही. बाटलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बसंती, हे काय आहे?"

मी वास घेतला आणि बळरामला हाक मारली. बळराम कुंपण ओलांडून आला, बाटली बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मी माझी कामियोनेत गाडी काढतो. रस्ता मोकळा झालाय. लोपिताल गाठू."

खाटेवरून बा ओरडला, "थांब! कुठे नेतोस?"

"काका, विष गेलंय पोटात."

"म्हणूनच म्हणतो, थांब. विषाचं त्या लोकांना काय कळतं? पोटात नळी घालून पोराचे हाल करतील. अंकोल असताना माझ्या पोराला मी परक्याच्या हातात देऊ?"

हाड मोडलं तर लोपिताल आणि विष गेलं तर अंकोल, असा बाचा कायदा होता. बळराम चुळबुळला, पण बाटली त्याची, त्यामुळे त्याचं तोंड बंद. आणि खरं सांगते, मलाही वाटलं की बाला कळतं. आजवर एक माणूस दगावला नव्हता ना आमच्या अंकोलाने!

पण जाणार कोण? बा खाटेवर. झाड ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे दादा, आणि तोच पोट धरून बसलेला. दादा म्हणाला, "बा, आता तरी हिला सांगू दे." बाने मान फिरवली. तेच हो समजून दादाने मला सांगितलं. "नदीच्या कडेला दोन झाडं आहेत, जवळ जवळ. पानं नसतील आता. फांदीवर पान गळल्याची खूण बघ. खुणा समोरासमोर असल्या तर ते सोड. एकाआड एक असल्या तर तो अंकोल. आणि टोकाला हात लाव, टोचलं पाहिजे." एवढं बोलून तो ओकायला वळला.

मी कुदळ घेऊन पळाले. तिथे काय अवस्था होती सांगू! दोन्ही झाडं बोडकी, अर्धी मोडलेली, एकाच्या फांद्या दुसऱ्यात घुसलेल्या. मी फांदी बुंध्यापर्यंत हाताने चाचपत गेले. एकाआड एक. टोचलं, रक्त आलं. मी देवाचं नाव घेतलं आणि खणायला लागले. नदीकडची ती तांबडी चिकणमाती, कुदळीलाच चिकटायची. मातीच्या ढेपेसकट मूळ काढलं आणि पदरात घालून पळत आले.

बाने मूळ हातात घेतलं, नखाने खरवडलं. मला वाटलं शाबास म्हणेल. म्हणाला, "ही माती दिसत नाही का? माती राहिली तर औषध नासतं. धू. पाणी निवळ होईस्तोवर धू."

मी घरामागच्या नळावर जाऊन धुतलं. परत आणलं. सालीच्या खाचेत बाला तांबडी रेघ दिसली. "परत जा." परत गेले, नारळाच्या काथ्याने घासलं. पुन्हा आणलं, पुन्हा बाने नख फिरवलं, पुन्हा परत. तिकडे दादा कण्हतोय आणि इकडे मी नळाखाली मूळ घासतेय. शेवटी पाणी निवळ पडायला लागलं तेव्हा बाने मान हलवली. साल वाटली, धुवणात कालवली, दादाला पाजली. उरलेला मुळाचा तुकडा मी रागारागाने नळाजवळच फेकून दिला.

दादा खूप ओकला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसला. वाटीभर पेज प्याला, मला म्हणाला, "शिकलीस की तू!" बळराम येऊन बाच्या पाया पडला. बा खाटेवर राजासारखा पडून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की लोपितालला नेलं असतं तर मेलं असतं पोर. मी पण नळावर भांडी घासताना गाणं म्हटलं. आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मग दादाच्या तोंडात फोड आले. गिळता येईना. लघवी थांबली, डोळे पिवळे झाले. मग धाप लागायला लागली, आधी खाटेवरून मोरीपर्यंत जाताना, मग बसल्या जागी. तेव्हा बानेच बळरामला हाक मारली. लोपितालच्या डॉक्टरने एवढंच म्हटलं, "उशीर केलात." दादा शेवटपर्यंत शुद्धीवर होता. हवेसाठी तोंड उघडायचा आणि माझ्याकडे बघायचा. माझा सोन्यासारखा भाऊ गुदमरून मेला आणि मी त्याचा हात धरण्यापलीकडे काही करू शकले नाही.

तेराव्याला बा सगळ्यांसमोर बोलला. "झाड चुकलं. खरा अंकोल असता तर विष मुळासकट निघालं असतं. मी तापात होतो, मला वास कळला नाही. हिने दुसऱ्या झाडाचं मूळ आणलं."

मी म्हटलं, "बा, टोचलं होतं मला. खुणा एकाआड एक होत्या."

"तू काय बघितलंस ते तुला तरी ठाऊक आहे का?"

झालं. बाने म्हटलं म्हणजे गावाने म्हटलं. दुकानात गेले की बायका गप्प. रोझ हिलकडून माझ्यासाठी एक स्थळ येणार होतं, ते वाटेतच कुठे विरघळलं कोण जाणे. भावाला मारणारी बहीण कोणाला हवी? फक्त बळरामची बायको कुंती पूर्वीसारखी कुंपणावरून हाक मारायची. "आयो, बसंती, मीठ दे गं!" मीठ तिच्याकडे असायचंच. पण मला बोलतं करायला ती यायची.

मी नदीवर परत गेले तर पावसाने कड ढासळलेली, खड्डा कुठे खणला होता ते कळेना. दोन्ही झाडांना पानं फुटली होती. काटेरी झाडाचं पान आणून बाला दाखवलं तर म्हणाला, "हा अंकोलच. पण तेव्हा तू हे खणलंस कशावरून?" रात्री डोळा लागेना. टोचलं होतं ते खरं, की माझ्या मनानेच ते नंतर जोडलं? मलाच माझा भरवसा वाटेना.

मे महिन्यात नळाजवळ कोंब दिसला. मी फेकलेल्या मुळाला फुटलेला! म्हणजे त्या दिवशी दादाच्या पोटात जे गेलं तेच झाड, जिवंत, माझ्या दारात. मी पान तोडून बाकडे पळाले. त्याने दोन बोटांत धरलं. "रुंद आहे. मऊ आहे. काटा कुठाय? हा अंकोल नव्हे." आणि पान माझ्याकडे फेकलं. म्हणाला, "आता तरी पटलं?"

नाही पटलं. माझं टाळकंच सटकलं. मोका गावाजवळ शेतीच्या एका कचेरीत वाळवलेली झाडं ठेवतात, तिथले साहेब नाव सांगतात, असं कुंतीने कुठूनतरी ऐकलं होतं. मी बस बदलत बदलत मोका गाठला. तिथे कृष्णदेवबाबू भेटले. रोझ हिलचे, आपल्याच मराठ्यांतले, टाय लावलेले. मराठी त्यांना कळायची सगळी, बोलताना मात्र मध्येच बेटावरच्या क्रेओल बोलीत घसरायचे. पण माणूस भला. कोंबाचं पान भिंगाखाली धरून म्हणाले, "बाई, नुसत्या पानावर मी शपथ घेणार नाही. नदीवरच्या झाडाचं फूल आणा. जुनं फळ मिळालं तर तेही. आणि या कोंबाला वाढू द्या."

म्हणजे फूल येईपर्यंत मी आरोपीच. जून ते ऑगस्टचा इथला हिवाळा गेला. बा रोज पडवीत कुबडी घेऊन बसायचा आणि रोज काही ना काही टाकून बोलायचा. मी मनात म्हणायची, थांब म्हातारबा, फूल येऊ दे. मग तुझ्या तोंडावर आणून टाकते. असा राग होता माझा. बापावर इतका राग करू नये, पण होता.

ऑक्टोबरात नदीवर फुलं आली. वादळातून वाचलेल्या दोनचार फांद्यांवर, पण आली. झाडाखालच्या पाल्यात जुनी दोन फळंही सापडली. मी ती, दोन्ही झाडांच्या फांद्या आणि नळावरच्या कोंबाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मोक्याला नेली. बसमध्ये सगळा वेळ मी बाला काय काय सुनवायचं ते जुळवत होते.

कृष्णदेवबाबूंनी सगळं टेबलावर मांडलं. फुलाच्या पाकळ्या सुईने सोडवल्या. फळाच्या डोक्यावरचा तुरा दाखवला. एक जुनं जाड पुस्तक काढून मला कुळाचं नाव वाचून दाखवलं, कॉर्नेसी. "थंड मुलखातली माणसं या कुळातल्या झाडांना डॉगवुड म्हणतात," ते म्हणाले. "तिकडच्यांची पानं बहुतेक समोरासमोर असतात. तुमचा अंकोल एकाआड एकवाला. जुन्या पुस्तकात याच कुळात आहे, नव्यात त्याचं वेगळं घर केलंय. भावकीत वाटणी होते ना, तसं."

डॉग म्हणजे कुत्रा एवढं मला कळतं. कुत्र्याच्या दाताचं औषध आणि कुळाला नावही कुत्र्याचंच! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी हसले.

"आणि हा कोंब?" मी विचारलं.

त्यांनी कोंबाचं पान अंकोलाच्या पानाशेजारी ठेवलं. "तोच. देठापाशी तीन शिरा बघा. मागची लव बघा. मुळातून फुटलेल्या कोंबाची पानं मोठी आणि मऊच असतात, काटा वयाने येतो. हे दुसरं रानझाड पूर्ण वेगळं, पानं समोरासमोर. तुम्ही खणलंत तो अंकोलच होता, बाई. शंभर टक्के."

मी टेबल धरून रडले. माझ्या अंगावरचं उतरलं. त्यांनी पाणी मागवलं, आणि कशासाठी एवढा खटाटोप म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. तणाच्या औषधाचं नाव ऐकल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "अंकोल खरा असो की खोटा, त्या औषधावर त्याचा उपयोग नव्हता. ते औषध मरतं फक्त मातीने. मातीला लागलं की संपलं. म्हणून तर आज फवारलं तरी उद्या उसाच्या ओळीत बटाटा लावता येतो. कोणी प्यालं तर लगेच चिकणमाती पाण्यात कालवून पाजायची आणि लोपितालला पळवायचं. तिथेही आधी मातीच देतात. डब्यावर लिहिलेलं असतं की."

"आमची बाटली लिमोनादची होती," मी म्हटलं.

"अरेरे," ते म्हणाले. "लगेच माती गेली असती पोटात तर कदाचित..." आणि माझं तोंड बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

परतीच्या बसमध्ये मला काही दिसत नव्हतं. फक्त नळ दिसत होता. नळाखालून वाहणारं तांबडं पाणी दिसत होतं आणि मी काथ्याने घासतेय. औषध माझ्या पदरात होतं, ढेपेने होतं. मी ते धुऊन टाकलं होतं. मी धुतलं, पण बाच्या सांगण्यावरून. लोपितालची वाट अडवली ती बाने, आणि माती धुवायला लावली तीही बाने.

बा पडवीत वाट बघत होता. "काय म्हणाला तो?"

जुळवलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. मी त्याच्याकडे बघितलं. कुबडीवर दोन्ही हात, हनुवटी त्यावर, डोळ्यांत सारा जीव गोळा केलेला. झाड चुकलं, या एका गोष्टीवर हा माणूस सकाळी उठत होता, जेवत होता. ती काढून घेतली तर राहणार काय? पोटच्या पोराला आपणच मारलं, एवढंच.

"दुसरं निघालं, बा," मी म्हटलं. "चुकलं माझं."

त्याने मोठा श्वास सोडला. "मी म्हटलं नव्हतं?" आणि थोड्या वेळाने, जरा मऊ होऊन, "जाऊ दे. मुलीच्या जातीला काय कळणार? आता ते खोटं झाड उपटून टाक."

त्या दिवशी तो पोटभर जेवला. मी वाढलं. मनात म्हटलं, तुझं पोट भरलं, माझं आयुष्य गेलं. म्हटलं आणि आमटी वाढली.

झाड मी उपटलं नाही. घरामागे बाला कुबडीवर जाता येत नसे, पायऱ्या होत्या. काही वर्षांत त्याच्या डोळ्यांवर पडदाही आला. ऑक्टोबरात वास यायचा तेव्हा विचारायचा, "कसला गं वास?" मी म्हणायची, कुंतीची जुई. कुत्रा चावलेले लोक अजून यायचे, त्यांना मी नदीवरचं मूळ आणून द्यायची. बा म्हणायचा, "बघ, हे बरोबर आणलंस. तेव्हा अक्कल कुठे गेली होती?" ऐकून घ्यायची मी. पण विष प्यालेला माणूस असेल तर सरळ लोपितालला न्या, हे मी दुकानात बायकांच्या कानात घालून ठेवलं होतं. बळरामला तर कुंपणावर उभी राहून झापलं होतं, की पुन्हा लिमोनादच्या बाटलीत ते औषध भरलंस तर बाटली तुझ्या डोक्यात घालीन. हो हो म्हणाला. पुरुषांचं हो हो तुम्हाला ठाऊकच आहे.

ब्याऐंशी साली, पुन्हा ऑक्टोबरात, दुपारची वेळ. बळराम कुंतीला खांद्यावर घेऊन आमच्या अंगणात आला. "काका! काका! ही तणाचं औषध प्याली! बाटली चुलीखाली ठेवली होती मी, हिला लिमोनाद वाटलं!" कामियोनेत त्याच्या दारात उभी होती, पण संकटात पाय जुन्याच वाटेने जातात. तो आला तो बाकडेच.

आणि बा, सगळी ताकद गोळा करून, पडवीतून ओरडला, "बसंती! नदीवर पळ! आणि या वेळी तरी खऱ्या झाडाकडे जा!"

मी बळरामचा दंड धरला. "हिला मागे नळावर आण. मग गाडी काढ. बोलू नकोस." नळाच्या बाजूला अंकोलाच्या बुंध्याशी मी दोन्ही हातांनी खणलं. तीच तांबडी चिकणमाती. तपेल्यात कालवली, गढूळ, दाट. कुंती तोंड मिटून घेत होती. मी तिच्या नाकाला चिमटा काढला. "पी! पी नाहीतर मुस्काटात देईन! दादा गेला, तुला जाऊ देणार नाही मी!" ती प्याली. ओकली, पुन्हा पाजली, पुन्हा पाजली. मग बळरामच्या गाडीत टाकली आणि मातीचं तपेलं तिच्या मांडीवर दिलं. कुंती जगली, हे आधीच सांगून टाकते. तिला नाही मी मरू दिलं.

गाडी गेली तेव्हा मागे वळून बघते तर बा. पायऱ्या उतरून आला होता. बसत घसरत उतरला असणार, धोतर मळलेलं, कोपर सोललेलं. अंकोलाच्या बुंध्याला हात लावून उभा होता.

"खोट्या झाडाचं मूळ दिलंस तिला?" त्याने विचारलं.

"मूळ नाही, बा. माती दिली. त्या औषधावर मातीच लागते. दुसरं काही चालत नाही."

त्याला पहिल्यांदा ते कळलंच नाही. त्याचा हात फांदीवरून चालत होता, सवयीनेच. मी म्हटलं, "चल बा, घरात चल." तो हलला नाही. एक पान चाचपलं, मग त्याच्या पुढचं. एकाआड एक. अंगठा देठापाशी ठेवला आणि तिथेच फिरवत राहिला. मग टोकापर्यंत गेला, आणि हात झटकन मागे आला, टोचलं होतं. शेवटी त्याने फुलांचा झुबका तोंडाजवळ ओढला.

"हा अंकोल आहे," बा म्हणाला.

फांदी त्याने सोडली नाही.

"हा इथे कोणी लावला?"

"कोणी नाही. दादाच्या वेळचं उरलेलं मूळ मी इथे फेकलं होतं. ते फुटलं."

नळ उघडाच राहिला होता, पाणी तांबडं होऊन वाहत होतं. बा हळूहळू खाली बसला, मी खणलेल्या खड्ड्याशेजारी, आणि दोन्ही हात त्या चिखलात घातले.

"दोनदा परत पाठवलं होतं मी तुला," तो म्हणाला. "निवळ होईस्तोवर धू, म्हटलं होतं."

"बा, तुला ठाऊक नव्हतं."

"दोनदा," तो म्हणाला.

मी तांब्या भरला आणि त्याच्या समोर बसले. मनगट धरून त्याचे हात चिखलातून वर काढले आणि पाणी ओतायला लागले. त्याने हात ओढून घेतले.

"राहू दे," बा म्हणाला. "धुऊ नकोस."